‘यार’ मराठीत दोनदा आला

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘घरात मी “काय यार” म्हटलं की आजी चिडते. हा शब्द चांगल्या घरात तोंडावर येऊ नये, म्हणते. मैत्रीण म्हण, अगदीच नाही तर दोस्त म्हण, पण यार नको. कॉलेजात तर आम्ही मुली-मुली दिवसभर एकमेकींना यार म्हणतो. या शब्दाचा मूळ अर्थ काय? तो संस्कृतमधल्या “जार”वरून आलाय हे खरं का? आणि मुलीनं मुलीला यार म्हणणं व्याकरणानं चूक आहे का?’

तुझी आजी चुकीचं ऐकत नाही आणि तूही चुकीचं बोलत नाहीस. तू उच्चारतेस तो शब्द आणि आजीच्या कानात शिरतो तो शब्द, हे दोन वेगळे शब्द आहेत. दिसायला एक, मुळातही एक, पण मराठीत दोन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वाटांनी आलेले. मी गेली सव्वीस वर्षं कोशांचं आणि संपादनाचं काम करते. जुनी मोडी कागदपत्रं वाचताना पावलोपावली अडायला व्हायचं, म्हणून फारसीही शिकले. आणि कॉलेजात असताना याच शब्दावरून आईची बोलणी खाल्ली आहेत. त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

आधी ‘जार’ची गोष्ट निकालात काढू, कारण ही व्युत्पत्ती मला दरवर्षी कोणी ना कोणी मोठ्या खात्रीनं ऐकवतं. दोन्ही शब्दांचा उच्चार जवळचा, दोन्हींचा एक अर्थ ‘लग्नाबाहेरचा प्रियकर’, मग एकातून दुसरा निघाला असणार असं वाटणं साहजिक आहे. पण आवाज उलट्या दिशेनं चालत नाहीत. संस्कृतमधल्या शब्दाच्या सुरुवातीचा ‘य’ प्राकृतात ‘ज’ झाला आणि तोच मराठीत उतरला. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, यंत्राचं जातं झालं, यादवांचे जाधव झाले. ‘जो’, ‘जी’, ‘जे’ ही सर्वनामंसुद्धा संस्कृत ‘यः’, ‘या’, ‘यत्’ यांचीच. सुरुवातीच्या ‘ज’चा ‘य’ झाला, असं या वाटेवर कुठंही घडलेलं नाही. जारचा यार होणं म्हणजे जाधवांचे पुन्हा यादव होण्यासारखं आहे.

हाच नियम आणखी एक गोष्ट सांगतो. ‘यार’मधला ‘य’ जसाच्या तसा उभा आहे, म्हणजे हा शब्द तो बदल होऊन गेल्यावर कधीतरी आपल्याकडे आला. ‘याद’ आणि ‘यादी’ यांचंही तसंच. मराठीत ‘य’नं सुरू होणारे शब्द एकदा मनातल्या मनात मोजून बघ. येणे आणि त्याच्या आसपासचे, ‘या’सारखी सर्वनामं सोडली तर उरलेले बहुतेक एकतर संस्कृतमधून थेट उचललेले असतात, नाहीतर बाहेरून आलेले.

आणि खुद्द ‘जार’ हा शब्दही सुरुवातीपासून वाईट नव्हता, हे सांगून पुढं जाते. ऋग्वेदात अग्नीला उषांचा जार म्हटलंय, म्हणजे प्रियकर, आणि ती स्तुती आहे. ‘जारकर्म’, ‘जारिणी’ हा सगळा चिखल नंतरचा. प्रेमाच्या माणसाचा शब्द हळूहळू बदनाम होणं हे ‘यार’च्याच वाट्याला आलं असं नाही.

तर ‘यार’ फारसी आहे. इस्लामपूर्व इराणातल्या मध्य फारसीत तो ‘अयार’ असा होता आणि त्याच्या शेजारच्या पार्थियन भाषेत ‘अद्यावर’. पुढं सुरुवातीचा स्वर गळला आणि ‘यार’ उरला. या जुन्या रूपांचा अर्थ काय होता? मित्र हा होताच, पण त्याच्या बरोबरीनं, किंबहुना त्याच्याही आधी, मदतनीस. हाताला हात लावणारा. आजच्या फारसीतही हा अर्थ जिवंत आहे. ‘दस्तयार’ म्हणजे सहायक. ‘दस्त’ म्हणजे हात, तेव्हा हाताखालचा माणूस. ‘उस्तादयार’ म्हणजे सहायक प्राध्यापक. रुग्णालयातल्या मदतनीस परिचारिकेला ‘बेहयार’ म्हणतात. आणि ‘यारी’ म्हणजे मदत. मैत्री हा अर्थ तिथं नंतर येतो.

हे मी फारसीच्या वर्गात शिकत होते त्या आठवड्यातली गोष्ट सांगते. पाठात ‘यारी दादन’ असं क्रियापद आलं. ‘दादन’ म्हणजे देणे. यारी देणे, म्हणजे मदत करणे. मी वहीत लिहून घेतलं, पुढच्या शब्दावर गेले. दोन-तीन दिवसांनी आईचा फोन आला. नात्यातल्या एकानं धंदा काढला होता, तो बुडाला होता. आई हळहळून म्हणाली, ‘कष्ट काय कमी केले का त्यानं? पण नशिबानं यारी दिली नाही बघ.’

मी काही क्षण बोललेच नाही. हीच आई, जिनं मी अठरा वर्षांची असताना ‘जाऊ दे ना यार’ म्हटल्यावर पोळी लाटता लाटता लाटणं थांबवून माझ्याकडे बघितलं होतं आणि ‘हा शब्द परत या घरात नको’ असं बजावलं होतं. तिच्याच तोंडात हा शब्द होता, तोही त्याच्या सगळ्यात जुन्या अर्थानं, आणि क्रियापदासकट. ‘यारी देणे’ हा मराठी वाक्प्रचार ‘यारी दादन’चा शब्दाला शब्द आहे. दैवानं यारी दिली, पावसानं यारी दिली नाही, असं आपण सहज म्हणतो. त्यात मैत्रीचा विचार कोणाच्या मनात नसतो. साथ दिली, हात दिला, एवढंच म्हणायचं असतं. इराणी माणसाला हे वाक्य भाषांतर करून सांगावं लागत नाही.

हा शब्द मराठीत कसा आला त्याचा काळ ढोबळपणे सांगता येतो. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीचं राज्य दिल्लीच्या हाती गेलं, १३४७ मध्ये बहमनी सत्ता उभी राहिली आणि नंतर आदिलशाही, निजामशाही. दरबारात, कचेरीत, फौजेत फारसी होती. जमीन, कागद, शाई, खर्च, बाजार, हजार, गुन्हा हे शब्द आपण ज्या लाटेत घेतले त्याच लाटेत यार, यारी, दोस्त, दोस्ती आले. शिवाजी महाराजांच्या काळात, १६७७ च्या सुमारास, रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश केला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण त्या कोशाचा विषय राज्यकारभाराचा होता. मैत्रीचे शब्द माणसं घरात, शेतात, छावणीत वापरत होती आणि ते जिथल्या तिथं राहिले.

या पहिल्या ‘यार’ची मराठीत चांगली ओळख कुठं दिसते? ‘लंगोटीयार’मध्ये. अंगावर लंगोटी होती त्या वयापासूनचा सोबती. तुझ्या आजीला हा शब्द विचारून बघ, तिला तो मुळीच खटकणार नाही. आजोबांच्या एखाद्या लंगोटीयाराबद्दल ती हसून बोलेल.

मदतनीस आणि मित्र यांचं हे एकत्र राहणं फारसीपुरतं नाही, आपल्या अस्सल मराठी शब्दांतही ते आहे, आणि मला या सगळ्या विषयात ते सगळ्यात लोभसवाणं वाटतं. ‘गडी’ घे. सालगडी म्हणजे वर्षाच्या करारानं शेतावर ठेवलेला माणूस. घरातला गडी म्हणजे कामाला असलेला माणूस. पण ‘अरे गड्या’ म्हटलं की तो मित्र झाला. सवंगडी म्हटलं की बालपणीचा खेळातला सोबती. आणि कबड्डीत गडी म्हणजे खेळाडू. ‘भिडू’ही तसाच: पत्त्यांत आपल्या बाजूनं खेळणारा तो भिडू, आणि मुंबईच्या बोलीत कोणीही ओळखीचा, अनोळखी माणूस भिडू.

आता फारसीतली गंमत ऐक. इराणमधली मुलं खेळायला जमली की आधी संघ पाडतात, एकेक खेळाडू निवडून घेतात. त्या निवडण्याला ते ‘यारकशी’ म्हणतात. कशी म्हणजे ओढणं. यार ओढून घ्यायचे. आपण म्हणतो, ‘चला, गडी वाटून घेऊ.’ तिथं यार, इथं गडी, आणि खेळ सुरू होण्याआधीची ती एकेकाला आपल्याकडे ओढण्याची धांदल तीच. फुटबॉलच्या मैदानात आरडाओरडा करून आपल्या संघाला बळ देणाऱ्या प्रेक्षकांना इराणी लोक ‘बारावा यार’ म्हणतात. अकरा खेळतात, बारावा बाहेरून हात देतो. ‘यार’चा मूळ गाभा मला विचारलास तर तो या बाराव्या याराच्या रूपानं सगळ्यात स्पष्ट दिसतो: आपल्या बाजूचा माणूस.

मग या भल्या शब्दाला डाग कुठं लागला?

फारसीत व्याकरणातलं लिंग नाही. तो, ती, ते यांना एकच सर्वनाम. त्यामुळे फारसी कवितेत ‘यार’ म्हटलं की तो पुरुष आहे की स्त्री, हे शब्दावरून कळत नाही. कवींनी याचा पुरेपूर फायदा घेतला. यार म्हणजे मित्र, यार म्हणजे प्रेयसी, यार म्हणजे प्रियकर, सुफींच्या कवितेत यार म्हणजे साक्षात ईश्वर. एकाच ओळीत हे सगळे अर्थ दबा धरून बसलेले असतात. अशा ओळी मराठीत आणताना माझी फार ओढाताण होते, कारण मराठी क्रियापद ‘आला’ की ‘आली’ हे विचारल्याशिवाय पुढं सरकू देत नाही. सखा लिहिलं तर पुरुष झाला, सखी लिहिलं तर स्त्री. बऱ्याच खटपटीनंतर मी ‘जिवलग’ या शब्दावर थांबले. तो दोघांनाही चालतो आणि त्यात जीव लागल्याचा अर्थ आहे. क्रियापदापाशी तरीही अडतंच.

ज्या भाषेत हा शब्द वाढला तिथं त्याची प्रतिष्ठा केवढी होती तेही सांगायला हवं. ‘यार-ए-गार’ म्हणजे गुहेतला सोबती. इ. स. ६२२ मध्ये मक्का सोडून मदिनेला जाताना पैगंबर मुहम्मद सौर डोंगरातल्या गुहेत लपले होते आणि अबू बकर त्यांच्याबरोबर होते. त्यावरून संकटात न सोडणाऱ्या मित्राला यार-ए-गार म्हणू लागले. पहिल्या चार खलिफांना मिळून ‘चार यार’ म्हणतात. इतक्या आदराच्या जागी बसलेला शब्द आपल्याकडे येऊन कुजबुजीचा झाला.

कविता प्रेमिकाला यार म्हणते, तिथून ‘प्रियकर’ हा अर्थ रूढ झाला. आणि आपल्या समाजात लग्न झालेल्या बाईच्या संदर्भात प्रियकर म्हणजे एकच गोष्ट. त्यामुळे अर्थ त्या दिशेला झुकला. नीट लक्ष देऊन बघितलंस तर दिसेल की शब्द सगळीकडे सारखा डागाळलेला नाही. ‘तो माझ्या भावाचा यार’ म्हटलं तर काही वाटत नाही. ‘यारांची मैफल जमली’ म्हटलं तर कौतुकच. पण ‘तिचा यार’ म्हटलं की ऐकणाऱ्याचा आवाज खाली येतो. मागे ‘तिचा’ लागलं की अर्थ बदलतो, ‘त्याचा’ लागलं की बदलत नाही. अर्थाचं हे वजन ‘यार’मध्ये नव्हतं, ते ‘तिचा’मध्ये होतं. माझ्या आईच्या पिढीत ‘तिचा मित्र’ हे शब्दसुद्धा याच दबक्या आवाजात उच्चारले जायचे. मित्र या शब्दानं तर कोणाचंच काही वाकडं केलं नव्हतं. बाईला स्वतःच्या निवडीची सोबत असू शकते हेच पचत नव्हतं, आणि त्याची शिक्षा शब्दांना मिळाली. हे कोशात एका ओळीत लिहिता येत नाही. तिथं ‘१. मित्र, २. जार’ एवढंच लिहून पुढं जावं लागतं, आणि दर वेळी मला ते अपुरं वाटतं.

तर तुझ्या आजीच्या कानात शिरतो तो हा पहिला ‘यार’, त्याच्या दुसऱ्या अर्थासकट. तिच्या वाढत्या वयात घरातल्या मोठ्यांनी तो शब्द ज्या वाक्यांत वापरला असेल, त्या वाक्यांची आठवण ती विसरू शकत नाही. तिच्यासाठी तो शिवीच्या जवळचा आहे, आणि तिचं चिडणं खरं आहे.

तुझा ‘यार’ दुसऱ्यांदा आलेला. हा हिंदीच्या वाटेनं आला. मुंबईसारख्या शहरात निरनिराळ्या भाषांची माणसं हिंदीत बोलायची. १९३१ मध्ये आपल्याकडे बोलपट सुरू झाले आणि हिंदी संवाद गावोगाव पोहोचले. मग वसतिगृहं, कॉलेजं, दूरचित्रवाणी. माझ्या कॉलेजच्या काळात, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला, हा यार मुलांच्या तोंडी सर्रास होता आणि मुलींच्या तोंडी नुकता येत होता. तो पूर्ण रुळायच्या आधीच माझ्यासारख्या काही जणींनी घरी लाटणं थांबलेलं पाहिलं.

हे दोन शब्द वेगळे आहेत हे मी नुसत्या अंदाजानं म्हणत नाही, त्याला व्याकरणाचा पुरावा आहे. पहिला यार मराठीत पुरता मुरला. तो विभक्ती घेतो, सामान्यरूप घेतो: याराला, याराचा, यारांनी. दुसरा यार काहीच घेत नाही. आता संबोधन बघ. कोणाला हाक मारताना मराठी नामाच्या शेवटी बदल होतो. मित्र असेल तर ‘मित्रा’, दोस्त असेल तर ‘दोस्ता’, गडी असेल तर ‘गड्या’, भाऊ असेल तर ‘भावा’. या हिशेबानं यारची हाक ‘यारा’ व्हायला हवी होती. पण ‘काय यारा, कुठं होतास?’ असं मराठीत बोलताना कोणीही म्हणत नाही. ‘काय यार’ असंच म्हणतो. हिंदीतून जसा उचलला तसा, एक काना न लावता. घरात वाढलेला शब्द आणि पाहुणा शब्द यांतला फरक असा शेवटच्या अक्षरात दिसतो.

संपादनाच्या कामात याचा रोज उपयोग होतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका ऐतिहासिक कादंबरीचं हस्तलिखित आलं होतं. सतराव्या शतकातले दोन मावळे गडाखाली उभे आहेत आणि एक दुसऱ्याला म्हणतो, ‘काय यार, केवढा हा कडा!’ लेखकानं समासात लिहून ठेवलं होतं की यार फारसी आहे, त्या काळात मराठीत होता, तेव्हा चालेल. शब्द होता, हे खरं. पण हा यार तो नव्हे. हाक मारायला म्हणून, वाक्यात नुसता टाकून द्यायला म्हणून वापरलेला यार फार अलीकडचा आहे. मी तिथं ‘गड्या’ केलं. लेखक आधी नाराज झाले. मग त्यांनी तो प्रसंग मोठ्यानं वाचून पाहिला आणि ‘गड्या’ ठेवलं. त्याच कादंबरीत चार पानं पुढं एक जण म्हणतो, ‘वाऱ्यानं यारी दिली तर उजाडायच्या आत पोचू.’ त्याला मी हात लावला नाही. तो शंभर टक्के त्या काळात शोभणारा आहे.

आता तुझ्या या दुसऱ्या याराचा अर्थ. खरं सांगायचं तर ‘मित्र’ हा अर्थ त्यातून बराचसा ओसरला आहे. बस चुकली की तू एकटीच असताना ‘अरे यार!’ म्हणतेस. तिथं मित्र कुठं आहे? पेन हरवलं, ‘शी यार.’ पेपर कठीण गेला, ‘काय यार.’ हा शब्द आता उद्गार झाला आहे. थोडी निराशा, थोडी विनवणी, थोडी जवळीक. वाक्याच्या शेवटी टाकला की वाक्याची धार कमी होते. ‘ऐक ना’ हा आग्रह आहे, ‘ऐक ना यार’मध्ये आर्जव येतं.

यात हिंदीनं आपल्यावर काही नवं लादलं असंही नाही. नात्याच्या शब्दांचे उद्गार करणं हा मराठीचा जुना स्वभाव आहे. ‘बाप रे’ म्हणताना कोण बापाला हाक मारतं? ठेच लागली की ‘आई गं’. आश्चर्य वाटलं की ‘अगं बाई’, समोर बाई असो वा नसो. ‘नको रे बाबा’मधला बाबा कोणाचाही वडील नाही. ‘काय राव’मधला राव तर एकेकाळी राजा होता. यारही याच रांगेत जाऊन बसला. गावागावांत त्याच्या जागेवर आधीपासून दुसरे शब्द होते आणि आहेत: कुठं ‘लेका’, कोल्हापूर-साताऱ्याकडे ‘मर्दा’ आणि ‘भावा’, खानदेशात ‘भो’, वऱ्हाडात ‘भौ’, नागपूरकडे ‘बे’. यातला प्रत्येक मला यारपेक्षा चवदार वाटतो आणि शहरी बोलण्यातून ते कमी होतायत याचं वाईट वाटतं. पण ते बहुतेक पुरुषांनी पुरुषांना म्हणायचे आहेत. मुलींनी एकमेकींशी बोलताना ‘गं’, ‘बाई’, ‘बये’ एवढंच हाताशी होतं. यारमध्ये त्यांना पहिल्यांदा असा शब्द मिळाला, जो मुलगा-मुलगी विचारत नाही.

मुलीनं मुलीला यार म्हणणं व्याकरणात बसतं का, याचं उत्तर इथंच आहे. बसतं. उद्गाराला लिंग नसतं. शिवाय शब्दाच्या मायभूमीत त्याला लिंग कधीच नव्हतं, त्यामुळे तुम्ही मुलींनी त्याची जुनीच सवय नकळत परत आणली आहे. अडचण फक्त शेजारच्या शब्दाची. मैत्रिणीशी बोलताना ‘अगं यार’ म्हणावं. ‘अरे यार’ स्वतःशी चरफडताना ठीक आहे, पण समोर मैत्रीण असताना ‘अरे’ मला ठेचकाळल्यासारखं वाटतं. ‘रे’ आणि ‘गं’ हा मराठीचा फार देखणा भेद आहे, तो यारपायी सोडू नये, हे माझं आग्रहाचं मत.

आणि एक ठिकाण सांभाळायला हवं. मध्यंतरी एका कार्यशाळेत एक विद्यार्थिनी मला म्हणाली, ‘मॅडम, एवढं सगळं आजच नका ना देऊ यार.’ म्हणाली आणि दाताखाली जीभ चावली. वर्ग हसला. मीही हसले. पण तिला नेमकं कुठं खटकलं ते आम्ही फळ्यावर मांडून पाहिलं: ‘नका ना देऊ’ हे आदराचं रूप आहे आणि ‘यार’ बरोबरीचा शब्द आहे. एकाच वाक्यात माणूस वर आणि शेजारी असा दोन्हीकडे बसत नाही. जिथं आपण ‘तू’ म्हणतो तिथं यार चालतो. ‘तुम्ही’ आलं की तो थांबतो. आजीला तू ‘तू’ म्हणत असशील, तरी ती बरोबरीची नाही, हे तुलाही माहीत आहे.

राहिलं आजीचं ‘निदान दोस्त म्हण’. आजीला वाटतं दोस्त जरा आपला आहे. तोही फारसीच, आणि यारबरोबर एकाच लाटेत आलेला. पण तिचं वाटणं एका अर्थानं बरोबर निघतं. जुन्या फारसीत हा शब्द ‘दौश्ता’ असा होता. इ. स. पूर्व ५२० च्या सुमारास इराणी सम्राट दारियसनं इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर कोरून घेतलेल्या लेखात तो आहे. लेख जपणाऱ्या माणसाला उद्देशून म्हटलंय, अहुरमज्द, म्हणजे प्राचीन इराण्यांचा परमेश्वर, तुझा दोस्त होवो. या शब्दाचा धातू आणि संस्कृतमधला ‘जुष्’, म्हणजे आवडणे, गोडी लागणे, हे सख्खे भाऊ. जिथं संस्कृतात काही ठिकाणी ‘ज’ किंवा ‘ह’ येतो तिथं जुन्या फारसीत ‘द’ येतो. आपला हस्त तो त्यांचा दस्त. म्हणून दोस्त म्हणजे ज्याची गोडी आहे तो. मित्रही असाच दोन घरांत वाढला. वेदातला मित्र हा करार पाळायला लावणारा देव, अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला मिथ्रही तोच, आणि त्या मिथ्रचं फारसीत ‘मिह्र’ म्हणजे माया, प्रेम झालं. त्यावरून मेहेरबान. अर्जाच्या डोक्यावर ‘मे. तहसीलदार साहेब’ लिहितो त्यातल्या ‘मे.’मध्ये मित्र दडलाय, हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते. १९२५ साली माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, फारसी-मराठी कोश केला. तो हाताशी ठेवून एक संध्याकाळ नुसती चाळत बसलीस तर असे नातेवाईक पानापानावर भेटतील.

मैत्रीण हा शब्द मात्र तू आजीसाठी नक्की वापर, ती नुसती तक्रार म्हणून सुचवत नाहीये. फक्त तो हाकेला चालत नाही, हे तिलाही मान्य होईल. ‘काय मैत्रिणी, कुठं होतीस?’ असं तिनंही कधी म्हटलं नसेल.

आजीशी वाद घालू नकोस. एखाद्या निवांत दुपारी तिला एवढंच विचार: ‘आजी, एवढे कष्ट करूनही माणसाच्या हाताला यश आलं नाही, तर तुम्ही काय म्हणता? नशिबानं काय दिली नाही?’ वाक्य तिचं तिला पूर्ण करू दे.